तेरा वर्षांच्या नेमबाजासाठी १०/२२ रायफलचा स्टॉक : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात घडले. कुटुंब मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. वडील अभियंता आहेत आणि मुलगी त्या वेळी तेरा वर्षांची होती. ओळख पटू नये म्हणून नावे, गाव आणि क्लब यांचा उल्लेख टाळला आहे. त्यांच्या क्लबमध्ये मी लहान नेमबाजांना शिकवणारा स्वयंसेवक आहे, आणि या प्रकरणातील बहुतेक निर्णय माझ्यासमोर झाले. लिहिण्याचे कारण असे की अशाच चौकशा इथल्या मराठी पालकांकडून वरचेवर येतात, आणि बहुतेक वेळा त्यांची सुरुवात "कोणता स्टॉक घ्यावा?" या प्रश्नापासून होते (स्टॉक म्हणजे रायफलचा तो भाग, ज्यात नळी आणि यंत्रणा बसते आणि जो खांद्याला टेकतो). तो प्रश्न खरे तर बऱ्याच नंतर यायला हवा.

वडिलांकडे रुगर १०/२२ कार्बाइन होती. ही .२२ लाँग रायफल काडतुसाची अर्धस्वयंचलित (ट्रिगरच्या प्रत्येक ओढीला एक गोळी मारून पुढची आपोआप भरणारी) रायफल १९६४ सालापासून बाजारात आहे आणि अमेरिकेत नवशिक्यांच्या हाती जितकी दिसते तितकी दुसरी कोणतीही क्वचितच दिसते. दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन खालून रिसीव्हरमध्ये, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या सांगाड्यात, पूर्ण सामावते. नळी साडेअठरा इंचांची आणि वजन सुमारे पाच पौंड असते. मूळ स्टॉक लाकडी असतो आणि पुढच्या टोकाला नळी व लाकूड यांना एकत्र बांधणारी पट्टी असते. संपूर्ण यंत्रणा स्टॉकमध्ये केवळ एका मुख्य स्क्रूने धरलेली असल्यामुळे स्टॉक बदलणे घरच्या टेबलावर होणारे काम आहे, आणि त्यामुळेच या एका रायफलसाठी बाहेरच्या कंपन्यांनी केलेल्या स्टॉकची बाजारपेठ एवढी फोफावली आहे.

दोन कायदेशीर बाबी आधीच सांगितलेल्या बऱ्या, कारण इथे नव्याने आलेल्यांना त्या ठाऊक नसतात. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. या गृहस्थांनी ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबून मगच रायफल घेतली होती. दुसरे असे की सप्टेंबर २०२२ पासून न्यूयॉर्क राज्यात अर्धस्वयंचलित रायफल विकत घेण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यांची खरेदी त्याआधीची होती. सुटा स्टॉक मात्र कायद्याच्या दृष्टीने बंदूक नाही. अनुक्रमांक असलेला रिसीव्हर तेवढा बंदूक मानला जातो, म्हणून स्टॉक टपालाने थेट घरी येतो. या सोयीमुळे लोक निर्धास्त होतात आणि पुढे ज्याचा उल्लेख येईल तो धोका त्यांच्या लक्षात येत नाही.

मुलीला नेमबाजीची ओढ लागली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि आजीने फोनवरून ती बातमी पुन्हा पुन्हा सांगितली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मुलगी वडिलांबरोबर क्लबच्या ५० फुटांच्या बंदिस्त रेंजवर येऊ लागली. वसंत ऋतूपर्यंत तिचे उद्दिष्ट ठरले होते. प्रोजेक्ट ॲपलसीड या नावाने देशभर होणाऱ्या शिबिरांत २५ मीटरवर चाळीस गोळ्यांची एक चाचणी घेतली जाते : उभे राहून दहा, बसून किंवा गुडघ्यावर दहा, पालथे झोपून वेळेच्या बंधनात दहा आणि पालथे झोपून सावकाश दहा. शेवटच्या दहा गोळ्यांचे गुण दुप्पट धरले जातात. एकूण २५० पैकी २१० गुण मिळाले की 'रायफलमन' हा बिल्ला मिळतो. तिला तो हवा होता.

अडचण

तिची पहिली काही लक्ष्यपत्रे पाहिली तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. पालथे झोपून मारलेल्या गोळ्या आडव्या दिशेने बऱ्यापैकी एका रेषेत होत्या, पण उभ्या दिशेने त्यांची लांबट माळ तयार होत होती. उभे राहून मारलेल्या गोळ्या सर्वत्र पसरलेल्या होत्या. वडिलांचा निष्कर्ष असा होता की रायफल जुनी झाली आहे, नळी बदलावी आणि त्याबरोबर स्टॉकही बदलावा.

पहिला निर्णय इथे घ्यावा लागला : दोष रायफलचा आहे की रायफल आणि माणूस यांच्या जुळणीचा? उत्तर शोधायला फार खटपट लागत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एका अनुभवी नेमबाजाने त्याच काडतुसांनी ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे गट मारले. ते सुमारे सव्वा इंचाचे आले. साध्या कार्बाइनकडून याहून फारशी अपेक्षा ठेवू नये, आणि २५ मीटरवर एक इंचाच्या, म्हणजे कोनाच्या चार मिनिटांच्या, अचूकतेची मागणी करणाऱ्या चाचणीसाठी ती रायफल पुरेशी होती. नळी बदलण्याचा विषय तिथेच संपला.

मग मुलीला नेम धरून बसवले आणि कोणी काही न सुचवता तिला काय दिसते ते विचारले. ती म्हणाली, "काका, चित्र दिसतं, पण टिकत नाही. कडेनं काळी सावली येते, मग मी मान थोडी वर करते." तिचे हे वाक्य सगळ्या तपासणीचे सार होते. रायफलवर दुर्बीण उंच रिंगांवर बसवलेली होती, तर मूळ स्टॉकची गाल टेकण्याची कड उघड्या साईटसाठी (दुर्बिणीशिवाय नेम धरण्याच्या नळीवरच्या खुणांसाठी), म्हणजे बरीच खाली, घडवलेली होती. गाल लाकडाला टेकवला की डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेच्या खाली राहत होता. डोळा मध्यावर आणावा तर गाल अधांतरी आणि हनुवटीचा जेमतेम आधार. प्रत्येक गोळीला मान वेगळ्या उंचीवर थांबत होती.

याचा परिणाम किती होतो हे आकड्यांत पाहिले तर कोणालाही पटेल. दुर्बीण ज्या अंतरासाठी पॅरॅलॅक्समुक्त केलेली असते त्याहून वेगळ्या अंतरावर, डोळा मध्यापासून सरकला की नेमाचा बिंदू लक्ष्यावर सरकतो. ही चूक जास्तीत जास्त किती असेल याचा ढोबळ हिशेब असा : पुढच्या भिंगाचा अर्धा व्यास, गुणिले लक्ष्याचे अंतर आणि पॅरॅलॅक्समुक्त अंतर यांतील फरक, भागिले पॅरॅलॅक्समुक्त अंतर. त्यांची दुर्बीण मोठ्या काडतुसांच्या रायफलसाठी केलेली, १०० यार्डांवर पॅरॅलॅक्समुक्त आणि ३२ मिलिमीटर भिंगाची होती. लक्ष्य २५ मीटरवर, म्हणजे सुमारे २७ यार्डांवर. सोळा गुणिले त्र्याहत्तर भागिले शंभर केले की जवळपास १२ मिलिमीटर येतात. एका बाजूला १२ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूलाही तितकेच. ज्या चाचणीत एक इंचाचा गट हवा, तिथे केवळ मान वर-खाली झाल्याने तेवढा इंच संपत होता. रिमफायरसाठी (.२२ सारख्या, बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांसाठी) ५० यार्डांवर जुळवलेली तशीच दुर्बीण असती तर हीच चूक सात-साडेसात मिलिमीटरवर आली असती.

दुसरी अडचण लांबीची होती. ट्रिगरपासून बटाच्या, म्हणजे स्टॉकच्या खांद्याकडच्या भागाच्या, टोकापर्यंतचे अंतर, ज्याला नेमबाज 'लेंग्थ ऑफ पुल' म्हणतात, मूळ कार्बाइनवर साडेतेरा इंच असते. ते प्रौढ पुरुषाच्या बेताचे आहे. चार फूट अकरा इंच उंचीच्या मुलीला त्यामुळे आधार देणारा हात जवळजवळ सरळ ताणावा लागत होता. रायफल पुढे कलंडू नये म्हणून ती कंबरेतून मागे झुकत होती, आणि तर्जनीचे फक्त टोक ट्रिगरला पोहोचत असल्यामुळे ट्रिगर सरळ मागे न जाता तिरका ओढला जात होता. उभे राहून गोळ्या पसरण्याचे कारण यात होते.

कोणता डोळा प्रबळ आहे याचीही तपासणी केली. उजवा हात, उजवा डोळा. त्यात अडचण नव्हती.

खर्चापूर्वीची तात्पुरती जुळणी

स्टॉकच्या शोधाला लागण्याआधी जे फुकट किंवा अल्प खर्चात तपासता येते ते तपासावे, असे मी सुचवले आणि वडिलांनी ते मान्य केले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा टप्पा हाच होता.

आधी उंच रिंगा काढून बुटक्या रिंगा लावल्या. ३२ मिलिमीटरचे भिंग बुटक्या रिंगांवरही नळीच्या वर मोकळे राहते. मागची साईट तेवढी आडवी पाडून ठेवावी लागते, आणि या रायफलवर ती पडते. दुर्बिणीची मध्यरेषा सुमारे दहा मिलिमीटर खाली आली. त्यानंतर तळावर झोपायला वापरतात त्या घट्ट फोमच्या पट्ट्या कापून गालाच्या कडेवर एकावर एक ठेवल्या आणि वरून कापडी चिकटपट्टी गुंडाळली. मुलीने डोळे मिटून गाल टेकवायचा, मग डोळा उघडायचा आणि काय दिसते ते सांगायचे. एका पट्टीला सावली खालून होती, तीन पट्ट्यांना वरून आली, दोन पट्ट्यांना चित्र पूर्ण आणि गोल दिसले. ती उंची पट्टीने मोजून लिहून ठेवली : मूळ कडेपासून अर्ध्या इंचाला थोडी कमी.

लांबी वाढवून पाहणे सोपे असते, कमी करून पाहणे सोपे नसते. त्यासाठी क्लबमधील आखूड स्टॉकची दुसरी १०/२२ वापरली आणि तिच्या बटामागे पातळ लाकडी चकत्या लावत गेलो. बारा इंचांवर तिचा खांदा, मान आणि कोपर नैसर्गिक जागी आले. जाड हिवाळी जाकीट घातल्यावर पावणेबारा अधिक सोयीचे वाटले. न्यूयॉर्कच्या उत्तर भागात ऑक्टोबर ते एप्रिल जाकीट अंगावर असतेच, म्हणून हा पाव इंच दुर्लक्षिण्यासारखा नाही.

नुसत्या रिंगा आणि फोम यांच्या बळावर, जुन्याच स्टॉकवर, पालथ्या स्थितीतली गोळ्यांची उभी माळ निम्म्याहून कमी झाली. उभ्या स्थितीत मात्र फरक नगण्य होता. नवा स्टॉक मुख्यतः लांबीसाठी हवा आहे, गालाच्या उंचीचा प्रश्न दुय्यम आहे, हे या टप्प्यावर स्पष्ट झाले.

विचारात घेतलेले पर्याय

मुलीची पसंती आधीच ठरलेली होती. ऑलिंपिक नेमबाजांच्या रायफलींना अंगठा आरपार घालण्याचे भोक असलेले आणि सर्व बाजूंनी हलवता येणारे स्टॉक असतात. तिला तसाच लॅमिनेटेड लाकडाचा, निळ्या-करड्या पट्ट्यांचा स्टॉक हवा होता. तो १०/२२ साठी बाजारात सहज मिळतो आणि वडिलांनी तो संगणकावर निवडूनही ठेवला होता.

दुसरा आणि सर्वांत गंभीर निर्णय या ठिकाणी होता. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०१३ मध्ये झालेल्या सेफ कायद्यानुसार, काढता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलवर नमूद केलेल्या वैशिष्ट्यांपैकी एक जरी असले तरी ती 'असॉल्ट वेपन', म्हणजे बंदी असलेले हत्यार, ठरते. त्या यादीत अंगठ्याच्या भोकाचा स्टॉक स्पष्ट शब्दांत आहे. यंत्रणेच्या खाली ठळकपणे बाहेर आलेली पिस्तुली मूठ आहे, घडीचा किंवा सरकवून लांब-आखूड करता येणारा स्टॉकही आहे. काडतूस रिमफायर आहे म्हणून सूट मिळत नाही. कॅलिफोर्नियात वैशिष्ट्यांची तशी यादी सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या काडतुसांच्या) रायफलींना लागू होते, त्यामुळे तिथल्या मित्राच्या १०/२२ वर दिसलेला स्टॉक इथेही चालेल असे गृहीत धरणारे लोक मी पाहिले आहेत. विकणारा दुकानदार दुसऱ्या राज्यात बसलेला असतो, स्टॉक बंदूक नसल्यामुळे तो निःशंकपणे पाठवतो, आणि घरी एक स्क्रू आवळताक्षणी रायफलचा मालक गंभीर गुन्ह्याच्या कक्षेत जातो. स्थलांतरिताच्या बाबतीत अशा गुन्ह्याची झळ इमिग्रेशनपर्यंत पोहोचू शकते. वडिलांनी कलमाचा मूळ मजकूर वाचला, एका वकिलांना विचारले आणि तो स्टॉक यादीतून काढला.

मुलीला हे समजावणे सोपे नव्हते. तिचा प्रश्न रास्त होता : ऑलिंपिकमध्ये चालते ते इथे का नाही? उत्तर असे की ऑलिंपिकची ५० मीटर रायफल एकेक गोळी भरून मारायची असते, अर्धस्वयंचलित नसते, आणि तशा रायफलवर अंगठ्याच्या भोकाचा स्टॉक न्यूयॉर्कमध्येही कायदेशीर आहे. त्यावरून वडिलांनी पुढचा प्रश्न काढला की मग रायफलच बदलावी का. बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे ओढावा लागणारी) .२२ घेतली तर हव्या त्या स्टॉकची मुभा मिळते आणि क्लबमधील तीन स्थितींच्या स्पर्धांचा मार्गही खुला होतो. हा पर्याय मला मनापासून योग्य वाटत होता. तरी त्या हंगामापुरता तो मागे ठेवला गेला, कारण तिचे उद्दिष्ट ॲपलसीडची चाचणी होते. तिच्या चारपैकी दोन टप्प्यांत स्थिती घेणे, मॅगझिन बदलणे आणि दहा गोळ्या मारणे हे सारे मिनिटभराच्या आसपास उरकावे लागते. तिथे बोल्ट चालतो, पण लहान हातांना प्रत्येक गोळीनंतर नेम मोडून पुन्हा धरावा लागतो.

उरलेल्या पर्यायांपैकी पहिला म्हणजे मूळ लाकडी स्टॉक दीड इंच कापून घेणे. स्थानिक बंदूक-कारागीर हे काम अल्प मोबदल्यात करतो. वजन वाढत नाही, उलट किंचित घटते. मूल मोठे झाले की लांबी परत कशी आणायची, हा आक्षेप घेतला जातो. पण असंख्य लोक १०/२२ चे मूळ स्टॉक काढून ठेवतात आणि ते वापरलेल्या मालात स्वस्तात मिळतात, तेव्हा आक्षेपात फारसा दम नाही. गालाच्या उंचीसाठी फोम किंवा शिवलेला गालपट्टा कायम ठेवावा लागला असता, इतकेच. पैशांची अडचण असलेल्या कुटुंबाला मी आजही हाच पर्याय आधी सुचवीन.

दुसरा म्हणजे साध्या आकाराचा, भोक नसलेला लॅमिनेटेड स्टॉक, मागवतानाच हव्या त्या लांबीचा. दिसायला सुंदर, हवामानाने न वाकणारा, पण जड. क्लबमधील तसा स्टॉक असलेली रायफल दुर्बिणीसह साडेसात पौंडांच्या आसपास भरली. मुलीने ती उभी राहून धरली, पहिल्या चार गोळ्या आधीपेक्षा चांगल्या गेल्या आणि नंतर हात थरथरू लागला. वजन स्थैर्य देते हे खरे, पण ते पेलण्याइतकी ताकद असेपर्यंतच. शिवाय लांबी कायमची ठरलेली, आणि तेरा वर्षांचे मूल वाढत असते.

तिसरा म्हणजे पॉलिमरचा, बटामागे स्क्रूने चकत्या जोडून लांबी बदलता येणारा आणि गालाखाली वेगवेगळ्या उंचीचे तुकडे बसवता येणारा स्टॉक. या प्रकारात बटण दाबून क्षणात लांबी बदलणारेही काही नमुने आहेत. सरकता स्टॉक या व्याख्येत ते मोडतात की नाही याबद्दल वाद उद्भवू शकतो असे वाटल्याने वडिलांनी ते वगळले आणि हत्यार लावून, स्क्रू काढूनच लांबी बदलणाऱ्या, सलग मुठीच्या नमुन्यापुरतीच निवड मर्यादित ठेवली. मुठीचा कोन मूळ स्टॉकपेक्षा थोडा उभा होता, त्यामुळे तिची तर्जनी ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंत पोहोचत होती. मूठ पुढून-मागून स्टॉकशी जोडलेली आहे, वेगळी लोंबत नाही, हे त्या नमुन्याचे छायाचित्र दाखवून वकिलांकडून आधी पक्के करून घेतले.

कृती

मध्ये एक आडवळण झाले. निर्णय होण्याच्या आठवड्यात क्लबमधल्या कोणी वापरलेला रबरी आवरणाचा स्टॉक निम्म्या किमतीत देऊ केला आणि वडिलांनी तो घेतला. घरी बसवून पाहिल्यावर नळीच्या दोन्ही बाजूंनी बोट जाईल एवढी फट राहिली. तो स्टॉक ०.९२० इंच व्यासाच्या जाड नळीसाठी खोदलेला होता, आणि कार्बाइनची नळी निमुळती, बारीक असते. १०/२२ चा स्टॉक घेताना खाच कोणत्या नळीची, हा प्रश्न लांबी-उंचीइतकाच महत्त्वाचा आहे. लांबीही पूर्ण प्रौढ मापाची होती, त्यामुळे तो स्टॉक दोन्ही अर्थांनी निरुपयोगी ठरला आणि पुढे तोट्यात विकावा लागला.

त्यानंतर पॉलिमर स्टॉक मागवला. त्याच्या खाचेत उलटसुलट बसवता येणारा तुकडा होता. एका बाजूने जाड नळी, दुसऱ्या बाजूने बारीक. बसवण्याचे काम क्लबच्या टेबलावर, मुलीच्या हातून करून घेतले. मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून, कक्ष डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून झाल्यावर पुढच्या पट्टीचा स्क्रू सैल केला, पट्टी पुढे काढली, मुख्य स्क्रू काढला. रिसीव्हर स्टॉकमधून निघण्यासाठी सेफ्टीची आडवी खुंटी बरोबर मध्यावर आणावी लागते. एका बाजूला राहिली तर ती लाकडात अडते आणि लोक जोर लावून लाकूड फोडतात. रिसीव्हर बाहेर येताच बोल्ट अडवणारी जाड पिन आपोआप घरंगळून खाली आली. तिला जागेवर धरून ठेवण्याचे काम एरवी स्टॉकच्या भिंती करतात. टेबलावर टॉवेल पसरलेला होता म्हणून ती सापडली. मुलीने ती उचलून पुसली, परत बसवली, आणि त्या दिवसापासून सफाईच्या वेळी टॉवेल तीच आधी पसरते.

मुख्य स्क्रू आवळताना सावधगिरी हवी. रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि त्यातले आटे पोलादी स्क्रूपुढे मऊ पडतात. अंदाजाने न आवळता टॉर्क मोजणारा पेचकस वापरून पंधरा इंच-पौंडांवर थांबलो, आणि तोच आकडा वहीत लिहिला, म्हणजे प्रत्येक सफाईनंतर तोच ठेवता येतो. नव्या स्टॉकला पुढची पट्टी नव्हती, त्यामुळे नळी मोकळी राहिली. कागदाची पट्टी नळीखालून सरकवून पाहिली, ती कुठेही न अडता रिसीव्हरजवळ पोहोचली.

मग एक अनपेक्षित गोष्ट दिसली. पालथ्या स्थितीत स्लिंगचा पट्टा दंडाला ताणून बांधल्यावर तीच कागदाची पट्टी टोकाजवळ अडकू लागली. पॉलिमरचा पुढचा भाग ताणाने किंचित वाकून नळीला टेकत होता, आणि ५० यार्डांवर गोळ्यांचा गट पिशवीवरच्या गटापेक्षा जवळपास इंचभर सरकत होता. तपासल्यावर खाचेतला तुकडा एका बाजूला नीट बसलेला नाही असे आढळले. तो काढून पुन्हा बसवल्यावर ताणाखालीही कागद सरकू लागला आणि सरक निम्म्याहून कमी झाली. उरलेल्या सरकीसाठी दुर्बिणीचा शून्यबिंदू, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी पडण्याची जुळणी, स्लिंग बांधूनच साधला, कारण चाचणीत ती स्लिंग बांधूनच नेम धरणार होती. जुन्या स्टॉकवर हीच गोष्ट अधिक तीव्रपणे घडत असणार. तिथे तर पट्टीने नळी आणि लाकूड एकमेकांना घट्ट बांधलेलेच होते.

लांबी बारा इंचांपर्यंत खाली येत नव्हती. सगळ्या चकत्या काढल्यावर साडेबारा इंच राहिले. ही तडजोड जाणूनबुजून केली. मूठ उभी असल्यामुळे साडेबारा इंच तिला जुन्या स्टॉकवरच्या बारा इंचांसारखे जाणवले. जाड जाकिटाऐवजी आत थरांचे कपडे आणि वर पातळ बिनबाह्यांचे जाकीट, अशी हिवाळ्याची सोय केली.

निष्पत्ती

पिशवीवरून मारलेले गट नव्या स्टॉकमध्येही सव्वा इंचाचेच आले, आणि हे वडिलांना मी मुद्दाम दाखवले. स्टॉकने रायफल अधिक अचूक झाली नव्हती. बदलले ते हे की प्रत्येक गोळीला मुलीचा डोळा, गाल आणि खांदा त्याच जागी येऊ लागले. पालथ्या स्थितीतले तिचे गट तिथून पुढे एक इंचाच्या आत-बाहेर राहिले.

चाचणीचे गुण वसंतात दीडशेच्या घरात होते, उन्हाळ्याअखेर एकशे ऐंशीच्या पुढे गेले आणि शरद ऋतूतल्या शिबिरात २०३ झाले. बिल्ला सात गुणांनी हुकला. गुण उभ्या स्थितीत गेले आणि त्यात स्टॉकचा काही संबंध नव्हता. शेवटच्या चार गोळ्या तिने वेळ संपेल या भीतीने घाईने मारल्या. मूळ स्टॉक, त्याची पट्टी आणि स्क्रू एका पिशवीत घालून रायफलच्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी ठेवले आहेत.

वेगळे काय करता आले असते

दुर्बिणीचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा होता. रिंगा बदलण्याचा खर्च नव्या स्टॉकच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ, आणि पालथ्या स्थितीतली निम्मी अडचण त्यानेच दूर झाली. त्याच वेळी रिमफायरसाठी जुळवलेली दुर्बीण घेतली असती तर गालाच्या उंचीबाबतची चूकही कमी महागात पडली असती. ती अजून बदललेली नाही, आणि माझ्या मते पुढचा खर्च तिथेच व्हावा.

वापरलेल्या स्टॉकची खरेदी टाळता आली असती. लांबी, गालाची उंची, नळीचा व्यास आणि राज्याचा कायदा या चार गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवल्या असत्या तर पहिल्या नजरेतच तो नाकारला गेला असता. मोह किमतीचा होता, आणि तो समजण्यासारखा आहे.

लाकडी स्टॉक कापण्याच्या पर्यायाला आम्ही पुरेसा न्याय दिला का, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. खरी अडचण लांबीची होती आणि कापलेला स्टॉक नेमके बारा इंच देऊ शकला असता, तेही अर्धा पौंड कमी वजनात. वडिलांना मूळ लाकडावर करवत चालवणे जड गेले. पहिल्या रायफलबद्दल माणसाला वाटते ते वाटणारच, पण तसे असेल तर ते कारण उघडपणे मांडून निर्णय घ्यावा, चकत्यांच्या सोयीच्या नावाखाली घेऊ नये. दुसऱ्या बाजूने, पुढच्या वसंतात तिची उंची मोजली तेव्हा ती दोन इंचांनी वाढली होती आणि साडेबारा इंच तिला आता तंतोतंत बसते, हेही खरे आहे.

बोल्ट ॲक्शन रायफलचा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. या वेळी वडिलांनी दुकानात जाण्याआधी मुलीची मापे नव्याने घेतली, हिवाळ्याच्या कपड्यांत आणि त्याशिवाय, तिन्ही स्थितींत वेगवेगळी. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पालथ्या स्थितीत तिला अर्धा इंच अधिक लांबी लागते आणि गुडघ्यावर गाल थोडा खाली हवा असतो. म्हणून आता शोध अशा स्टॉकचा चालू आहे, ज्याची लांबी आणि गालाची उंची दोन टप्प्यांच्या मधल्या वेळेत चावीने बदलता येईल.